पायरेट, प्रायव्हेटियर, अ‍ॅडमिरल : कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे इंग्रजी शब्द कसे वाचायचे?



पेट, सेट किंवा नेटची तयारी करताना आपण पद्धतीशास्त्राची पुस्तकं वाचतो, साधनांचे प्रकार पाठ करतो, प्राथमिक आणि दुय्यम यातला फरक लिहून काढतो. पण प्रत्यक्ष इंग्रजी कागद समोर आला की अडचण वेगळीच येते. वाक्य कळतं, व्याकरण कळतं, शब्दकोशही हाताशी असतो, आणि तरीही अर्थ चुकतो. कारण इंग्रजीत जवळजवळच्या अर्थाची चार-पाच नामं असतात आणि मराठीत आपण त्या सगळ्यांसाठी एकच शब्द लिहून मोकळे होतो. 'पायरेट', 'प्रायव्हेटियर', 'कोर्सेअर', 'बुकेनिअर' या चौघांना मराठीत आपण काय म्हणतो? चाचे. झालं, संपलं!

आजच्या लेखात आपण हा प्रश्न एका ठरावीक जागी उभं राहून सोडवू. जागा म्हणजे रायगडचा किनारा, जुना कुलाबा जिल्हा (१९८१ साली त्याचं नाव रायगड झालं). काळ साधारण १६७० ते १७५६.

एकच किनारा, दोन शब्द

अलिबागच्या समोर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. तिथून रस्त्याने साधारण ५० किलोमीटर दक्षिणेला मुरूड, आणि मुरूडच्या पुढे पाण्यात जंजिरा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुलाबा कान्होजी आंग्रे यांच्याकडे होता आणि जंजिरा सिद्दीकडे.

आता दोघं काय करत होते ते बघा. दोघांकडे किल्ले होते, दोघांकडे लढाऊ जहाजं होती. दोघंही समुद्रावरून जाणारी जहाजं अडवत, पैसे घेत, शत्रूचा माल ताब्यात घेत आणि माणसं पकडत. पण मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत सिद्दी हा 'मोगलांचा अ‍ॅडमिरल' असतो आणि कान्होजी 'पायरेट' असतात.

असं का? सिद्दीला १६७० नंतर मोगल बादशहाने आपल्या आरमाराचा प्रमुख मानलं होतं. त्याला सुरतेच्या महसुलातून तनखा मिळायचा. इंग्रजांचा मोठा व्यापार सुरतेत, आणि सुरत मोगलांची. सिद्दीला चाचा म्हणणं म्हणजे बादशहाच्या नोकराला चाचा म्हणणं. ते परवडणारं नव्हतं. सिद्दीची जहाजं पावसाळ्यात मुंबई बंदरात येऊन राहायची आणि तिथून मराठ्यांच्या मुलखावर हल्ले करायची, तेव्हाही इंग्रज कुरकुरले, पण शब्द बदलला नाही. पुढे १६८९-९० मध्ये याच सिद्दी याकूतने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. ती 'चाचेगिरी' ठरली नाही, ते युद्ध ठरलं. शेवटी कंपनीने औरंगजेबाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला.

इथे पहिली गोष्ट वहीत लिहून ठेवा: अशा कागदातलं नाम माणसाच्या कामाचं वर्णन करतंच असं नाही. बरेचदा ते लिहिणाऱ्याचा दावा सांगतं. 'पायरेट' म्हटलं की समोरच्याला राज्य नाही, हुकूम काढायचा अधिकार नाही, त्याच्याशी केलेला करार पाळायची सक्ती नाही, असं सगळं एका शब्दात म्हणून होतं.

आता शब्द वेगळे करू

पायरेट. कोणत्याही राज्याच्या हुकमाशिवाय, स्वतःच्या फायद्यासाठी समुद्रावर लुटणारा. आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातही हाच गाभा आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातलं १०१ वं कलम 'खासगी हेतूसाठी' आणि 'खासगी जहाजाने' या दोन अटी घालतं. आपला २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदाही त्याच वाटेने जातो. पण सावधान! ही व्याख्या विसाव्या शतकातली आहे. ती उचलून थेट १७१८ वर ठेवायची नाही. फक्त प्रश्न कोणता विचारायचा एवढं तिच्याकडून शिकायचं.

आपल्या किनाऱ्याजवळचं खऱ्या पायरेटचं उदाहरण हवं असेल तर हेन्री एव्हरी घ्या. १६९५ मध्ये या इंग्रजाने मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज लुटलं. त्याच्यामागे कुठल्याच राजाचा हुकूम नव्हता. त्याची शिक्षा मात्र सुरतेतल्या कंपनीच्या माणसांना भोगावी लागली, त्यांना कैदेत टाकलं गेलं. सुरतेच्या लोकांच्या नजरेत टोपीकर सगळे सारखेच. कोण कंपनीचा आणि कोण चाचा, हे त्यांनी का म्हणून वेगळं करावं? म्हणजे शब्दांची गल्लत दोन्ही बाजूंनी होत होती.

प्रायव्हेटियर. जहाज खासगी, खर्च खासगी, पण हातात सरकारचा लेखी परवाना. परवान्यात लिहिलेलं असायचं की अमुक शत्रूचीच जहाजं पकडायची. पकडलेलं जहाज न्यायालयापुढे न्यायचं, तिथे मंजुरी मिळाली की वाटणी. युरोपात ही पद्धत १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने बंद केली.

पायरेट आणि प्रायव्हेटियर यांच्यात किती अंतर आहे? एका कागदाएवढं. विल्यम किड या कप्तानाला १६९६ मध्ये इंग्लंडच्या राजाचा परवाना मिळाला होता. १६९८ च्या जानेवारीत त्याने मलबारच्या समुद्रात 'क्वेदा मर्चंट' हे जहाज पकडलं. त्या जहाजाकडे फ्रेंच पास होता, आणि फ्रान्स तेव्हा परवान्यातला शत्रू होता. म्हणजे किडच्या मते पकड कायदेशीर. पण लंडनच्या खटल्यात ते फ्रेंच पास पुढे आलेच नाहीत. १७०१ मध्ये पायरेट म्हणून (आणि एका खलाशाच्या खुनासाठीही) त्याला फाशी झाली. ते पास विसाव्या शतकात लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. दप्तरात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कोर्सेअर. हा शब्द भूमध्य समुद्राचा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जवळपास प्रायव्हेटियर असाच आहे. इंग्रजीत तो उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम दर्यावर्दींसाठी जास्त वापरला गेला, आणि तिथे त्याला पायरेटचा वास लागला. म्हणून हा शब्द दिसला की आधी बघा, मूळ कागद फ्रेंच आहे का इंग्रजी.

बुकेनिअर. हा कॅरिबियन समुद्राचा शब्द. मांस धुरावर वाळवणाऱ्या शिकाऱ्यांवरून आला. कोकणाबद्दल लिहिताना कोणी तो वापरला असेल तर ती नुसती सजावट समजा.

अ‍ॅडमिरल. राज्याच्या आरमाराचा प्रमुख. मूळ शब्द अरबी 'अमीर'वरून आलेला. याच्याबद्दल आणखी थोडं पुढे बोलू, कारण आपली मराठी माणसाची गल्लत इथे होते.

मग कान्होजी कोण?

आता वरची नामं कान्होजींना लावून बघू. आधी घटना.

शाहू महाराजांच्या बाजूने बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी यांच्यात १७१३-१४ च्या सुमारास तह झाला. त्यात कान्होजींना 'सरखेल' हे पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले मिळाले. म्हणजे राज्याचा हुकूम होता. त्याच्या थोडं आधी, १७१२ मध्ये, त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरचं सशस्त्र यॉट पकडलं होतं. त्यावर कारवारच्या वखारीचा प्रमुख आणि त्याची बायको होती. तो चकमकीत मारला गेला. बाईंची सुटका ३० हजार रुपयांवर झाली, आणि १७१३ मध्ये इंग्रजांचा कान्होजींशी समझोता झाला की इंग्रजांच्या जहाजांना त्रास द्यायचा नाही.

इथे थांबा. पायरेटशी कोणी तह करतं का? कागदावर एकदा समोरच्याला करार करण्याजोगा पक्ष मानलं, आणि पाच वर्षांनी त्यालाच राज्य नसलेला लुटारू म्हटलं, तर त्या मधल्या पाच वर्षांत काय झालं ते शोधायचं काम आपलं.

झालं ते असं. समझोत्यात 'इंग्रजांची जहाजं' म्हटलं होतं. पण इंग्रजांचं जहाज म्हणजे कोणतं? इंग्रज मालकाचं? की इंग्रजांचा पास घेऊन फिरणारं कोणाचंही? देशी व्यापाऱ्याचा माल इंग्रजी जहाजात असेल तर? इंग्रजी माल देशी व्यापाऱ्याच्या जहाजात असेल तर? कंपनी म्हणायची, आमच्या पासाखाली चालतं ते सगळं आमचं. कान्होजी म्हणायचे, कंपनीचं ते कंपनीचं, बाकीच्यांनी आमचा दस्तक घ्यावा. बघा, सगळं भांडण एका नामाच्या अर्थावर आलं! चार्ल्स बून गव्हर्नर असताना मुंबईकरांनी १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ले केले, दोन्ही फसले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाचं आरमारी पथक घेऊन कमोडोर मॅथ्यूज सोबत होता. मराठी फौज मदतीला आली, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला आणि मोहीम बारगळली.

दस्तक ही काही कान्होजींची नवी कल्पना नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'कार्ताझ' देत होते. तो नसेल तर जहाज जप्त. रेवदंड्याला, म्हणजे पोर्तुगीज कागदांतल्या चौलला, त्यांचा तळ होता, आणि हा समुद्र आपला आहे असं ते धरून चालायचे. मराठ्यांकडेही याचा विचार झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग मानलंय. कौल घेतलेल्या सावकाराच्या जहाजाला धक्का लागू द्यायचा नाही, कौल नसलेल्याला तसंच जाऊ द्यायचं नाही, असा त्याचा आशय. म्हणजे पोर्तुगीजांनी पास दिला की 'कार्ताझ', इंग्रजांनी दिला की 'पास', मोगलांच्या सिद्दीने वसूल केलं की 'ड्यूटी', आणि आंग्रेंनी मागितलं की 'पायरसी'.

मग त्यांना प्रायव्हेटियर म्हणावं का? तेही बसत नाही. प्रायव्हेटियर दुसऱ्याचा परवाना घेऊन फिरतो. कान्होजी स्वतः परवाने देत होते, किल्ले चालवत होते, जकात घेत होते. किनारा आणि समोरचं पाणी दोन्ही आपल्या अधिकारात आहे असं मानणारी ती सत्ता होती.

आणि अ‍ॅडमिरल?

पुस्तकांच्या नावांवर नजर टाका. १७३७ मध्ये लंडनला क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक निघालं. हा माणूस इंग्रजांच्या मोहिमांत हजर होता. त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'अँग्रिया द पायरेट' आहे. १९०७ मध्ये जॉन बिडल्फने लिहिलं, त्याचं नाव 'पायरेट्स ऑफ मलबार'ने सुरू होतं. (रायगडचा किनारा मलबार कधीपासून झाला, हा आणखी एक प्रश्न.) १९५९ मध्ये मनोहर माळगावकरांचं चरित्र आलं, त्यावर 'मराठा अ‍ॅडमिरल' असं लिहिलंय. मधे स्वातंत्र्य आलं होतं. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव मिळालंय आणि खांदेरीला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे बेट म्हटलं गेलं.

हा बदल योग्यच आहे. पण संशोधक म्हणून इथेही तीच चाळणी लावायची. अ‍ॅडमिरल हा आरमारातला हुद्दा आहे. वर राजा किंवा सरकार, तिथून पगार, तिथून हुकूम, चूक झाली तर चौकशी. सरखेल तसा नव्हता. त्याच्याकडे स्वतःचे किल्ले, स्वतःचा मुलूख, स्वतःचा वसूल होता. पद मुलाकडे जायचं. छत्रपतींशी निष्ठा होती, पण रोजचा कारभार स्वतंत्र. 'अ‍ॅडमिरल' म्हटलं की हा अर्धा भाग झाकला जातो. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: प्रबंधात सरखेल हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत समजावून सांगा आणि पुढे जा. इंग्रजी प्रबंधातही तसंच करा.

आणखी एक. 'पायरेट नव्हते' याचा अर्थ 'कोणाला त्रास झाला नाही' असा होत नाही. ज्या व्यापाऱ्याचं जहाज दोन सत्तांच्या पासांच्या भांडणात अडकलं, त्याचा माल गेला तो गेलाच. जे खलाशी पकडले गेले, त्यांना शब्दाने काय फरक पडला? शब्द नीट लावणं वेगळं आणि माणसाची बाजू घेणं वेगळं.

मराठीकडूनही गल्लत होते

आता एक वाक्य घेऊ. हे मी नमुना म्हणून रचलंय, पण असली वाक्यं जुन्या पत्रांत भेटतील: 'अँग्रियाच्या ग्रॅब्जनी फॅक्टरीचं एक जहाज प्राइझ म्हणून घेतलं आणि रॅन्सम मागितला.'

घाईत भाषांतर काय होईल? 'आंग्रियाने कारखान्याचं जहाज हिसकावून बक्षीस म्हणून घेतलं आणि खंडणी मागितली.' एका वाक्यात चार खड्डे!

'ग्रॅब' म्हणजे हिसकावणं नाही, ते गुराब आहे, दोन-तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कावळा. त्याच्या जोडीचं 'गॅलिव्हॅट' म्हणजे आपलं गलबत, लहान, वल्ह्यांवरही चालणारं. आपलेच शब्द इंग्रजी टोपी घालून परत आले की आपल्याला ओळखू येत नाहीत.

'फॅक्टरी' म्हणजे वखार. तिथे काही बनत नव्हतं. 'फॅक्टर' नावाचे कंपनीचे नोकर तिथे राहून माल घ्यायचे, साठवायचे, पाठवायचे.

'प्राइझ' म्हणजे बक्षीस नाही. युद्धात हक्काने पकडलेलं जहाज किंवा माल, असा त्याचा अर्थ. त्याचा शेजारी 'प्लंडर', म्हणजे हक्काशिवाय लुटलेला माल. मराठीत दोन्ही 'लूट'. म्हणून भाषांतरात नुसतं 'लूट' लिहिलंत तर लेखकाने त्या मालावर हक्क सांगितलाय का नाकारलाय, हे पुसलं जातं.

'रॅन्सम' म्हणजे कैद्याच्या सुटकेचे पैसे. आपण लिहितो खंडणी. पण 'ट्रिब्यूट' म्हणजे मांडलिकाने वरच्या सत्तेला दिलेलं द्रव्य, त्यालाही मराठीत खंडणी. आणि आज वर्तमानपत्रात गुंडाने दुकानदाराकडून उकळलेले पैसे, तीही खंडणीच. अठराव्या शतकातल्या मराठी पत्रात 'खंडणी' दिसली आणि तुम्ही तिचं इंग्रजी आजच्या गुंडगिरीच्या शब्दात केलंत, तर एका राज्याला तुम्ही टोळी बनवलंत. म्हणजे इंग्रज लेखकाने 'पायरेट' म्हणून जे केलं, तेच तुमच्या हातून उलट दिशेने झालं.

पाचवा खड्डा वाक्याच्या पहिल्याच शब्दात आहे. 'अँग्रिया' कोण? इंग्रजांनी हे आडनाव पदासारखं वापरलं. कान्होजी १७२९ मध्ये गेले. मग सेखोजी, तो १७३३ मध्ये गेला. मग घराण्यात फूट पडली: कुलाब्याला मानाजी, दक्षिणेकडे संभाजी आणि त्याच्यानंतर तुळाजी. हे सगळे कागदात 'अँग्रिया'. साल न बघता वाचलंत तर बापाचं काम मुलाच्या नावावर आणि अलिबागचं विजयदुर्गाच्या नावावर जाईल. गावांचंही तसंच. 'केनरी' म्हणजे खांदेरी, 'हेनरी' म्हणजे उंदेरी, आणि 'घेरिया' म्हणजे विजयदुर्ग.

शब्दाची किंमत : १७५६

हे सगळं नुसतं शब्दांचं कोडं वाटत असेल तर तुळाजीचं काय झालं ते बघा.

तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तिथलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला आणि कैदेतच मेला.

किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला. त्याची वाटणी कशी करायची, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. मित्र म्हणून सोबत आलेल्या मराठ्यांना त्यात वाटा नव्हता. आता सांगा, ज्या मालाला आंग्र्यांच्या हातात असताना 'प्लंडर' म्हटलं, तोच इंग्रजांच्या हातात आला की 'प्राइझ' झाला. माल तोच, पेट्या त्याच. तो लुटीचा माल असेल तर मूळ मालकांना शोधून परत द्यायला हवा होता, नाही का? पण 'पायरेट' या शब्दाने तुळाजीचा हक्क संपवला आणि 'प्राइझ' या शब्दाने इंग्रजांचा हक्क सुरू केला.

त्याच वर्षीच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बदल्यात सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांकडे गेलं. आज श्रीवर्धनच्या बाजूने हरिहरेश्वरला गेलात तर खाडीपलीकडे ते बाणकोट आहे. मराठी आरमाराचा मोठा भाग मात्र संपला होता. लंडनजवळच्या शूटर्स हिलवर १७८४ मध्ये जेम्सच्या विधवेने त्याच्या आठवणीसाठी एक मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. हा आपला सुवर्णदुर्ग!

कुलाब्याची शाखा मात्र १८४० पर्यंत टिकली. मग वारस नाही या कारणाने कंपनीने ते संस्थान खालसा केलं. आता बघा, 'खालसा' करायला आधी 'संस्थान' असावं लागतं. ज्या घराण्याला शंभर वर्षं पायरेट म्हटलं, त्याचं राज्य घ्यायची वेळ आली तेव्हा कागदावर ते राज्य होतं.

आता तुम्ही काय करायचं?

कुठलाही असा कागद वाचताना वहीत चार रकाने पाडा.

पहिल्या रकान्यात मूळ नाम, जसंच्या तसं. भाषांतर करू नका. दुसऱ्यात ते कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं आणि कोणत्या साली. मुंबईच्या गव्हर्नरने लंडनच्या संचालकांना लिहिताना पैसे आणि जहाजं मागायची असतात, तेव्हा शत्रू भयंकर असावा लागतो. तोच गव्हर्नर कान्होजींना पत्र लिहितो तेव्हा मायना वेगळा असतो. तिसऱ्यात तीन प्रश्नांची उत्तरं: हुकूम कोणाचा, कोणाविरुद्ध, आणि पकडलेला माल कुठे गेला. चौथ्यात त्याच माणसासाठी किंवा गोष्टीसाठी त्याच काळातल्या मराठी, फारसी किंवा पोर्तुगीज कागदात कोणता शब्द आहे. तिथे तुमची भाषा कमी पडत असेल तर अनुवादित साधनांपासून सुरुवात करा, पण रकाना रिकामा आहे हे दिसू द्या.

पन्नास नोंदी झाल्या की बघा, एकाच माणसाचं नाम कोणत्या साली बदलतं. जिथे बदलतं तिथे बहुतेक वेळा एखादा तह मोडलेला असतो, नवा गव्हर्नर आलेला असतो किंवा मालाचं भांडण असतं. तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच सापडेल. लक्ष्मी सुब्रमणियन यांचं २०१६ चं पुस्तक जरूर मिळवा. त्याच्या नावातच 'सॉव्हरिन' आणि 'पायरेट' हे दोन शब्द शेजारी ठेवलेत. पश्चिम किनाऱ्याबाबत नामांवरून केवढं संशोधन उभं राहतं ते कळेल.

शेवटी एक गृहपाठ. १७५५ चा तुळाजी घ्या. इंग्रजांच्या लेखी तो पायरेट. पेशव्यांच्या लेखी तो न जुमानणारा, बंडखोर सरदार. स्वतःच्या लेखी तो सरखेलाच्या गादीवरचा हक्कदार. कान्होजींच्या बाबतीत 'हुकूम कोणाचा' याचं उत्तर सोपं होतं. इथे ते तसं नाही, कारण हुकूम देणारं राज्यच त्याच्यावर चालून आलंय. 'पायरेट' आणि 'रिबेल' यात फरक काय? बंडखोराने पकडलेलं जहाज प्राइझ का प्लंडर? दीड पान लिहा, आणि प्रत्येक नामापुढे ते कोणाचं आहे हे लिहायला विसरू नका. मुलाखतीत मार्गदर्शकांनी 'तुमचा विषय थोडक्यात सांगा' म्हटलं, तर या दीड पानातून बोलता येईल.

तयारीला शुभेच्छा!